त्र्यंबोलीची भेट आणि यात्रेकरूचा सौजन्यधर्म

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥



श्रीक्षेत्र करवीर येथे श्री अंबाबाईच्या दर्शनासाठी आपण दूरदूरच्या गावांहून येता. प्रवासाचा शीण सोसता, रांगेत तासन्‌तास उभे राहता आणि पितळी उंबऱ्यापाशी पोचल्यावर क्षणभर आईचे मुख पाहून कृतार्थ होता. मंदिराचा इतिहास, नित्यपूजा, उत्सव आणि परिसरातील तीर्थस्थाने यांची माहिती यात्रेकरूस हवी असते व ती देणे उचितच आहे. प्रस्तुत पाठात मात्र एका निराळ्या विषयाचा विचार करावयाचा आहे. ज्यांची आपली ओळख नाही, ज्यांचे नावगावही आपणांस ठाऊक नाही, अशा माणसांशी यात्रेत आपले वर्तन कसे असावे? विशेषतः प्रत्येकाच्या हाती मोबाईल आणि प्रत्येकाचे चित्त त्या मोबाईलमध्ये, अशा या काळात शेजारी उभ्या असलेल्या अपरिचिताला आपण काय देणे लागतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ते याच नगरीच्या एका उत्सवात दडलेले आहे.

१. ललिता पंचमीची पालखी

शारदीय नवरात्रात आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललिता पंचमीस, श्री अंबाबाईची पालखी लवाजम्यासह नगराच्या पूर्वेकडील टेकडीवर जाते. तेथे श्री त्र्यंबोली देवीचे स्थान आहे. कोल्हापूरकर तिला प्रेमाने टेंबलाई म्हणतात. दोन्ही देवींची भेट होते, कुमारिकेच्या हस्ते कोहळ्याचा भेद होतो आणि तो प्रसाद मिळावा म्हणून भाविकांची एकच झुंबड उडते. हजारो लोक हा सोहळा डोळे भरून पाहतात. परंतु जगन्माता स्वतः टेकडी चढून का जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी. कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या सामर्थ्याने देवदेवतांना शेळ्यामेंढ्यांचे रूप दिले. या संकटात त्र्यंबोली धावून आली. तिने युक्तीने तो दंड मिळवला, कामाक्षाचा नाश केला आणि सर्वांना मूळ रूप प्राप्त करून दिले. पुढे विजयाचा उत्सव सुरू झाला. वाद्ये वाजू लागली, मानपान झाले. या धामधुमीत त्र्यंबोलीला बोलावणे मात्र राहून गेले. ती रुसली आणि नगरीकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. ही गोष्ट ध्यानात येताच श्री महालक्ष्मी सर्व परिवारासह तिच्या भेटीस गेली आणि तिने तिचा रुसवा काढला. कथेचे पाठभेद आहेत. परंतु बोलावणे राहून जाणे, रुसून निघून जाणे आणि देवीने स्वतः भेटीस येणे हा गाभा सर्वत्र एकच आहे.

या कथेत दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली ही, की त्र्यंबोलीचा अवमान करण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. सर्वांचे लक्ष दुसरीकडे होते, इतकेच घडले. तरीही जिच्याकडे दुर्लक्ष झाले तिच्या मनाला व्हायची ती जखम झालीच. दुसरी गोष्ट ही, की देवीने ‘चुकून राहिले’ असा निरोप दासीकरवी पाठवला नाही. ती स्वतः गेली; आणि एकदा जाऊन थांबली असेही नाही. प्रतिवर्षी पंचमीस ती जातेच. एका विसरलेल्या आमंत्रणाची भरपाई करण्यासाठी जेथे जगदंबा दरवर्षी पालखीत बसून निघते, त्या क्षेत्री आलेल्या भक्ताने समोरच्या माणसाकडे पाहण्यास विसरावे, हे शोभणारे नाही.

२. उपेक्षा ही बहुधा नकळतच घडते

आपण असभ्य वर्तनाचा विचार करतो तेव्हा उद्धट बोलणे, धक्काबुक्की, भांडण अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या प्राचीन वाङ्मयाने याहून सूक्ष्म अशा एका अपराधाची नोंद घेतली आहे. तो म्हणजे दाराशी आलेल्याकडे लक्ष नसणे.

महाकवी कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ मराठी माणसाला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मुळे घरचे झाले. हे नाटक १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील शकुंतला ही कोणाचा अपमान करणारी मुलगी नव्हे. आश्रमातील झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पाणी न पिणारी ती कोमल हृदयाची कन्या आहे. पण दुर्वास ऋषी दाराशी आले तेव्हा तिचे मन दूर हस्तिनापुरात, दुष्यंताच्या ठायी गुंतले होते. त्यांची हाक तिला ऐकूच आली नाही. ज्याच्या विचारात बुडून तू मला पाहिले नाहीस, त्यालाच तुझी आठवण राहणार नाही, असा शाप तिला मिळाला. महाभारतातील मूळ शकुंतलोपाख्यानात हा शाप नाही. तो कालिदासाने योजला. दूर असलेल्या प्रियजनाच्या ध्यासात समोर उभा असलेला माणूस न दिसणे, हे मानवी मनाचे दुबळेपण त्या कवीने किती अचूक हेरले होते! आज शकुंतलेच्या जागी हातात मोबाईल घेतलेला कोणीही उभा करून पाहावा. प्रसंग जसाच्या तसा जुळेल.

दुसरे उदाहरण कठोपनिषदातील. नचिकेता हा बालक यमाच्या दारी गेला तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री तो अन्नाविना दाराशी बसून राहिला. परतल्यावर यमधर्माला हे कळले. त्याने त्या बालकाला नमस्कार केला आणि उपेक्षेत गेलेल्या प्रत्येक रात्रीसाठी एकेक असे तीन वर मागून घेण्यास सांगितले. ज्याच्यापुढे त्रैलोक्य थरथरते, त्याला एक मुलगा दाराशी ताटकळला याची खंत वाटली. त्या तीन वरांतूनच पुढे आत्मविद्येचा तो थोर संवाद उलगडला. अतिथीची उपेक्षा भरून काढण्याच्या इच्छेतून जगाला केवढे धन लाभले, हे येथे लक्षात घ्यावे.

‘अतिथी’ या शब्दाची प्रचलित फोडही हेच सांगते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तो आपल्या सोयीने येत नाही. आपण कामात असताना, बोलण्यात असताना, घाईत असताना येतो. म्हणूनच त्याचे स्वागत ही आपली परीक्षा ठरते.

३. हातातील यंत्र आणि समोरचा माणूस

भारतात भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली या शहरांदरम्यान झाले. त्यानंतर तीस वर्षांच्या आत हे यंत्र शेतकऱ्याच्या बांधापासून मंदिराच्या दारापर्यंत पोचले. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. गर्दीत हरवलेले मूल आईबापांना सापडते ते बहुधा मोबाईलमुळे. अनोळखी शहरात निवासाचे ठिकाण, एसटीची वेळ, जवळचे रुग्णालय त्याच्यामुळे कळते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला घरबसल्या देवीचे दर्शन घडते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि मालमोटारींच्या रांगा कित्येक दिवस अडकून पडल्या. त्या वेळी कोठे अन्न हवे, कोठे नाव हवी, याचे निरोप याच यंत्रातून गेले. आणि ते वाचून कोल्हापूरकरांनी ज्यांची भाषाही ठाऊक नव्हती अशा चालकांच्या हाती भाकरी व पाणी दिले. यंत्र तेच; परंतु तेथे ते माणसाला माणसापर्यंत नेणारे झाले.

तेच यंत्र माणसापासून दूर कसे नेते, हेही रोज दिसते. पहाटे बसस्थानकावर उतरलेले वृद्ध जोडपे हातातील चिठ्ठी दाखवून मंदिराचा रस्ता विचारते. समोरच्या तरुणाच्या कानात हेडफोन असतो. दोनदा विचारून ते ओशाळतात आणि पुढे जातात. त्याने त्यांना नाकारले नाही; त्याला ते दिसलेच नाहीत. ओटीच्या साहित्याच्या दुकानात ग्राहक फोनवर बोलत असतो. खण कोणत्या रंगाचा द्यावा असे दुकानातील मावशी विचारतात, तर तो बोटानेच खूण करतो आणि पैसे ठेवून निघून जातो. कधी याच्या उलटही घडते. भाविक दुकानापुढे उभा असतो आणि विक्रेता पडद्यावरील चित्रांत दंग असतो. रांगेत पुढे सरकण्याची पाळी आली तरी एखाद्याचे लक्ष नसते आणि मागच्या शंभर जणांचा खोळंबा होतो. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. सर्वांचे चित्त अन्यत्र आहे, इतकेच. त्र्यंबोलीच्या बाबतीत घडले ते हेच.

४. करवीरची रीत

या नगरीत अपरिचिताला संबोधण्याची एक खास पद्धत आहे. वाट विचारणाऱ्या परगावच्या माणसाला येथे ‘पाव्हणं’ अशी हाक मिळते. पाहुणा हा नात्याचा शब्द. परंतु कोल्हापूरकराने तो रस्त्यावरील कोणालाही बहाल केला. ‘पाव्हणं, कुठलं गाव म्हणायचं?’ असे विचारताच परका माणूस परका राहत नाही. पंढरीच्या वारीत हीच भावना आणखी उंचीवर जाते. तेथे वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात आणि वय, जात, श्रीमंती न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्याच्या ठायी पांडुरंग आहे, ही श्रद्धा केवळ कीर्तनात न राहता रस्त्यावरील नमस्कारात उतरते.

सौजन्याचा हा विचार आपल्या समाजाने नेहमीच सर्वांना लागू केला, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. काही माणसांकडे न पाहण्याची रूढीच पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. ती अनवधानाची चूक नव्हती. तो जाणूनबुजून केलेला अन्याय होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली हुकूम काढून पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. त्यांच्या पागेतील सेवक गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले. लोक तेथे चहा पिण्यास धजत नाहीत हे पाहून महाराज स्वतः आपला खडखडा त्या दुकानापुढे थांबवीत, चहा मागवीत, तो पीत आणि सोबतच्या प्रतिष्ठितांनाही देत. कायद्याने दार उघडते. परंतु त्या दारातून आधी कोणी तरी सन्मानाने आत जावे लागते. एका छत्रपतीने रस्त्यावर थांबून घेतलेला तो चहा हा कोल्हापूरच्या सौजन्याचा खरा मानदंड आहे.

आपणही यात्रेत स्वतःला विचारावे. आपण कोणाकडे पाहत नाही? पादत्राणे सांभाळणारा, प्रांगण झाडणारी स्वच्छता कर्मचारी भगिनी, पहाटेपासून उभा असलेला सुरक्षारक्षक, बंदोबस्तावरील पोलीस, अन्नछत्रात ताट उचलणारा सेवेकरी, गजरे विकणारी मुलगी, दाराशी बसलेला याचक. ही सर्व माणसे दिवसभरात हजारो चेहरे पाहतात. त्यांच्या चेहऱ्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. त्यांना ‘दादा’, ‘मावशी’, ‘ताई’ म्हणून हाक मारण्यास काही मोल पडत नाही.

५. रांगेत उभे असलेले चित्त

दर्शनरांग म्हणजे नुसती प्रतीक्षा नव्हे, तोही उपासनेचाच भाग आहे. आपल्यापुढे असलेली वृद्धा कदाचित आयुष्यात प्रथमच आणि कदाचित शेवटचेच येथे आली असेल. तिने वर्षभर पैसा पैसा साठवला असेल. देवीसमोर तिला मिळणार तो एकच क्षण. नेमक्या त्या क्षणी कोणी डोक्यावर हात उंच करून मोबाईल धरला, तर तिला मूर्तीऐवजी पडदा दिसतो. गाभाऱ्यातील छायाचित्रणास मनाई असते. या नियमामागे देवस्थानाचे पावित्र्य व सुरक्षितता तर आहेच. त्याबरोबरच त्या वृद्धेचा क्षणही आहे, हे समजून घेतले तर नियम जाचक वाटणार नाही. मद्रास उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतील मंदिरांत मोबाईलला मनाई करण्याचा आदेश दिला, तो मंदिराचे पावित्र्य व शिस्त राखण्यासाठीच.

येथील किरणोत्सवही हेच शिकवतो. जानेवारीच्या ३१ तारखेपासून २ फेब्रुवारीपर्यंत आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि क्रमाने देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोचतात. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने हा योग येतो. वाट मोकळी असेल तरच किरण मूर्तीपर्यंत पोचतो. मध्ये अडथळा आला की तो तेथेच थांबतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या शिल्पींनी साधलेला हा मेळ पाहावयाचा, तर उपस्थित प्रत्येकाला बाजूला सरून उभे राहावे लागते. दुसऱ्याच्या वाट्याचा प्रकाश आपल्यामुळे अडू नये, एवढे भान रांगेतही ठेवावे.

हे भान केवळ शिष्टाचारापुरते नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, लोटलेली गर्दी आणि आग यांनी तो अनर्थ ओढवला. त्याचा मोबाईलशी संबंध नव्हता. परंतु गर्दीत एक माणूस घसरला आणि मागच्याला ते कळले नाही, तर काय होऊ शकते, याचा तो भीषण धडा आहे. पायऱ्यांवर अचानक थांबून निरोप वाचणारा, उंबऱ्यात उभा राहून सेल्फी घेणारा, पुढची हाक कानी न येणारा भाविक स्वतःलाच नव्हे, अनेकांना संकटात टाकतो. गर्दीत शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणे हे सौजन्य आहे आणि तेच संरक्षणही आहे.

६. अन्य भाषा बोलणारे यात्रेकरू

करवीरला केवळ महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण, तमिळनाडू येथूनही भाविक येतात. तिरुपतीच्या बालाजीचे दर्शन घेतल्यावर कोल्हापूरच्या देवीचे दर्शन घ्यावे, अशी अनेकांची श्रद्धा आहे. तिरुमला तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात श्री अंबाबाईस शालू अर्पण होतो, तो याच स्नेहाचा धागा. या भाविकांना मराठी येत नाही. पाटीवरील अक्षरे वाचता येत नाहीत. भाड्याचा, प्रसादाचा, रांगेचा नियम त्यांना कळत नाही आणि कळत नाही म्हणून ते गोंधळतात. त्यांच्यावर आवाज चढवून बोलल्याने भाषा समजत नाही. केवळ अपमान समजतो.

येथे आपल्या हातातील यंत्र उपयोगी पडू शकते. दोन शब्द भाषांतर करून दाखवता येतात, नकाशा दाखवता येतो. तेही न जमल्यास चार पावले सोबत चालून दार दाखवता येते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. कोणाला न बोचणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे हे तेथे तप मानले आहे. उपवास सर्वांना झेपत नाही. हे तप मात्र रांगेत उभे राहूनही करता येते.

७. सौजन्य आणि सावधपणा

अनोळखी माणसाशी बोलावे तर फसवणुकीचे भय आहे, असे कोणी म्हणेल. ही शंका निराधार नाही. यात्रेत खिसेकापू असतात, खोटी कारणे सांगून पैसे मागणारेही असतात. सौजन्य म्हणजे भोळेपणा नव्हे. वाट सांगावी, परंतु आपला मोबाईल वा पिशवी अपरिचिताच्या हाती सोपवू नये. मदत करण्याजोगी स्थिती नसेल तर जवळच्या पोलिसाकडे किंवा देवस्थानच्या कर्मचाऱ्याकडे त्या व्यक्तीला नेऊन सोडावे. नकार द्यावयाचा तर तोही तोंडाकडे पाहून, हात जोडून द्यावा. न ऐकल्यासारखे करून मान वळवणे हे नकारापेक्षा अधिक बोचते.

आणखी एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. समोरच्याने बोललेच पाहिजे, हसलेच पाहिजे, असा आग्रह सौजन्यात बसत नाही. एकटीने प्रवास करणारी भगिनी संवाद टाळत असेल तर तिच्या मौनाचा मान राखावा. त्याचप्रमाणे पूजा करणाऱ्या, नदीवर स्नान करणाऱ्या, मूल पाजणाऱ्या किंवा भावनावेगाने रडणाऱ्या अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र तिच्या अनुमतीविना घेऊ नये. ते दृश्य आपल्याला कितीही सुंदर वाटले तरी तो क्षण तिचा आहे. आपल्या मोबाईलसाठी तो मांडलेला नाही.

८. यात्रेकरूसाठी आचारसूत्रे

(१) महाद्वाराशी पोचताच मोबाईलचा आवाज बंद करावा. अत्यावश्यक संभाषण करावयाचे असल्यास वाट सोडून एका बाजूस जाऊन करावे.

(२) कोणी बोलू लागल्यास पडद्यावरून नजर उचलावी, कानातील हेडफोन काढावा आणि मग उत्तर द्यावे.

(३) दुकानदार, रिक्षाचालक, सेवेकरी यांच्याशी व्यवहार करताना फोनवरील संभाषण थांबवावे. व्यवहार संपल्यावर ‘येतो’ म्हणून निरोप घ्यावा.

(४) रांगेत वृद्ध, गरोदर भगिनी, लहान मूल कडेवर असलेली माता व दिव्यांग व्यक्ती यांच्याकडे लक्ष ठेवावे. त्यांना थकवा वा घेरी आल्याचे दिसल्यास कर्मचाऱ्यास त्वरित सांगावे.

(५) पायऱ्या, दरवाजे व उंबरे येथे थांबू नये. छायाचित्रासाठी तर मुळीच नाही.

(६) मोबाईलवरून पैसे देण्याची सवय असली तरी थोडे सुटे पैसे जवळ बाळगावेत. फुले विकणाऱ्या आजीला यंत्र हाताळता येतेच असे नाही.

(७) वृद्ध मातापित्यांना दर्शनास आणले असेल तर रांगेतील वेळ त्यांच्याशी बोलण्यात घालवावा. सौजन्य परक्यांना देताना घरची माणसे परकी होऊ नयेत. त्यांच्या खिशात नाव व संपर्क क्रमांकाची चिठ्ठी अवश्य ठेवावी.

(८) ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा व्यक्तीने ‘घरी एक फोन लावून देता का?’ असे विचारले, तर सावधगिरी राखून स्वतः क्रमांक लावून द्यावा. हरवलेल्या माणसाला तो एक फोन म्हणजे घरची वाट आहे.

(९) आपल्याकडून कोणाची उपेक्षा झाली असे ध्यानात आल्यास चार पावले मागे फिरून ‘माफ करा, लक्ष नव्हते’ असे म्हणावे.

यांतील नववे सूत्र सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत महत्त्वाचेही. लक्ष नेहमीच राहील असे नाही. मनुष्याचे मन चंचल आहे. अनवधान घडते. परंतु घडल्यावर परत फिरणे आपल्या हाती असते. देवीनेही हेच केले. विजयोत्सव सोडून तिने टेकडीची वाट धरली आणि पाठ करून बसलेल्या सखीसमोर जाऊन ती उभी राहिली. त्यात तिचे माहात्म्य उणावले नाही. आजही त्या भेटीच्या दिवशी तिची पालखी पाहण्यास अवघी करवीरनगरी लोटते.

९. मननासाठी

दर्शन झाल्यावर प्रांगणात क्षणभर विसावताना पुढील प्रश्नांचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. कुटुंबासह आला असाल तर मुलांनाही ते विचारावेत.

आज रांगेत माझ्या पुढे व मागे कोण उभे होते? त्यांचे गाव मला कळले का?

पादत्राणे सांभाळणाऱ्या माणसाचा चेहरा मला आठवतो का?

देवीला मी डोळ्यांनी किती वेळ पाहिले आणि पडद्यातून किती वेळ?

माझ्या घरी, शेजारी वा गावात कोणी माझ्याकडे पाठ करून बसले आहे का? त्यांना बोलावणे माझ्याकडून राहून गेले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर यात्रेहून परतताना देवीचा प्रसाद आधी त्या घरी न्यावा. निरोप पाठवू नये, संदेशही पाठवू नये, स्वतः जावे.

आई अंबाबाई सर्वांना सुबुद्धी, शांती व आरोग्य देवो. आपला परतीचा प्रवास सुखाचा होवो.

॥ अंबा माता की जय ॥